ताडपत्रीचा कोपरा

हळद शिजवायचा कुकर गावात आला की आधी वास येतो, मग ट्रॅक्टरचा आवाज. शिजणाऱ्या हळदीचा वास भाजीतल्या हळदीसारखा नसतो. तो ओल्या मातीचा असतो, उकडलेल्या कंदाचा असतो, थोडा औषधासारखाही असतो, आणि तो लुगड्यात, केसांत, झाकून ठेवलेल्या ताकातसुद्धा जाऊन बसतो. शिमगा झाला की आमच्या औंढ्याच्या बाजूला दीड-दोन महिने सगळ्या गावांना हाच एक वास असतो. मला तो आवडायचा. काल सकाळी तो आला आणि मी हातातली कळशी खाली ठेवून नुसतीच उभी राहिले.

गेल्या वर्षीची हळद पुन्हा आठवू नये असं ठरवलं होतं. पण वास काही विचारून येत नाही.

माझं माहेर साखऱ्याचं. तिकडं सगळं कोरडवाहू, हळद माहीत ती लग्नात लावायची तेवढी. सासरी आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, लोखंडी पिंपात कंद भरतात, झाकण घट्ट आवळतात, खालून वाफ सोडतात. पिंप उलटं केलं की वाफेचा ढग उठतो आणि त्यातून पिवळी हळद खळ्यावर घरंगळत येते. मग पंधरा दिवस वाळवण. वाळेपर्यंत माणसाचं अर्धं लक्ष आभाळात. या दिवसांत पाऊस यायचं कारण नसतं, पण वादळी वाऱ्याचं वावधान सुटतं आणि त्याच्या पाठोपाठ पाणी येतं. शिजलेली हळद भिजली की काळी पडते.

म्हणून ताडपत्री. आमची ताडपत्री मोठी आहे, सगळं खळं झाकणारी, आणि वाऱ्यात ती टाकायचं काम चौघांचं. चार कोपरे, चार माणसं. एकानं आधी सोडलं तर वारा आत शिरतो आणि बाकीच्या तिघांच्या हातातून ती ओढून नेतो. त्यामुळं आमच्या घरात एकच माणूस ‘सोड’ म्हणतं, आणि ते म्हणेपर्यंत कोणी सोडत नाही. दगड ठेवून झाले तरी नाही. हात भरून आले तरी नाही.

ते ‘सोड’ म्हणणं बारा वर्षांची असल्यापासून शीतलकडं होतं. शीतल माझी लेक. तिचा आवाज वाऱ्यावर चढतो. माझा आवाज माझ्या पदरापर्यंतही पोचत नाही. चौथीत असताना हजेरी घेताना मी ‘हजर’ म्हणायचे ते गुरुजींना ऐकू जायचं नाही. समोर बसलेली असून मी कितीदा गैरहजर लागले. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा शाळेलाही फारसा फरक जाणवला नसेल.

शीतल नौदलात लागली तेव्हा गाव चकित झालं, मी सगळ्यात जास्त. जिथं कालव्याचं पाणी आलं तरी लोक बघायला जातात, तिथली पोर समुद्रावर. जहाजाचं नाव मला माहीत आहे. लिहीत नाही. या वहीत मी तेवढंच लिहिणार आहे जे गेल्या वर्षी माझ्या तोंडून आधीच सांडलं आहे.

गेल्या वर्षी ती सुट्टीवर आली ती अशीच हळद वाळत घातलेली असताना. वारंगा फाट्यावर उतरली, पाठीवर पिशवी, केस कानापर्यंत कापलेले. तिचे बाबा मोटारसायकल घेऊन गेले होते. ते म्हणाले, मी आधी ओळखलंच नाही, कोणी पोरगं उभं आहे वाटलं. घरी आली, हातपाय धुतले आणि सरळ खळ्यावर येऊन बसली, कधी गेलीच नव्हती अशी.

दुपारी आम्ही दोघी हळदीचे जाड गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होतो. मी हळूच विचारलं, “तू तिथं करती काय गं दिवसभर?”

ती हसली. “तुला खरं सांगू का? मी तिथं हेच करते. वेचते.”

मग तिनं सांगितलं. जहाजाच्या वर मोठं पटांगण असतं, त्याच्यावरून विमानं उडतात आणि त्याच्यावरच उतरतात. विमान उडायच्या आधी सगळे जण खांद्याला खांदा लावून रांगेत चालतात, मान खाली घालून. खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. एक खडा इंजिनात गेला तर विमान जातं. पहिल्याच दिवशी हिची रांग सगळ्यात सरळ. साहेबांनी विचारलं, कुठं शिकलीस? ही म्हणाली, साहेब, हळद वेचताना.

“साहेबाला कळलं का हळद वेचणं म्हंजी काय?”

“न्हाई कळलं. पर बरं वाटलं त्यांना.”

तिनं चुलीतली राख आणली आणि खळ्याच्या कडेला, झाडलेल्या जागेत, जहाजाचं पटांगण काढलं. पुढचं टोक वर वळलेलं आहे हे दाखवायला तिथं एक वीट तिरपी लावली. मागच्या बाजूला तीन आडव्या रेघा. त्या तारा. विमान उतरतं तेव्हा त्याच्या शेपटीला आकडा असतो, तो तारेत अडकला की विमान थांबतं. नाही अडकला तर पुन्हा वर जायचं, फिरून यायचं. तिनं एक लांबट हळकुंड घेतलं, त्याला बाजूनं ज्वारीच्या धांड्याचे दोन तुकडे लावले. धांडे हळकुंडाच्या चौपट लांब.

“एवढे मोठे पंख?”

“याचे असेच असतात. हे नवीन हाय, तपासून राहिलेत. हे लढत न्हाई, आई. नुसतं पाहतं. इतक्या उंच जातं की खालून दिसतच न्हाई, आन् तिथून सगळं पाहतं. टेहळणी.”

“आत कोण बसतं?”

“कुणीच न्हाई.”

“मग ते परत काहून येतं?”

शीतल इतकी हसली की तिच्या हातातलं विमान मोडलं. पण मी ते मनापासूनच विचारलं होतं. आत माणूस नाही, घरी कोणी वाट पाहत नाही, मग आभाळातून खाली कशासाठी यायचं?

ती म्हणाली, खरं सांगायचं तर त्याला यायचंच नसतं. पंख लांब आणि अंग हलकं, त्यामुळं पटांगणाच्या अगदी वर येतं आणि तरंगत राहतं. बसत नाही. खाली जहाज चाललेलं, वर हे तरंगतंय. दोनदा परत जातं, तीनदा परत जातं. शेवटी आकडा अडकतो. तो अडकला रे अडकला की हिनं आणि दुसऱ्या एकानं धावत जाऊन दोन बाजूंचे पंख धरायचे. नाहीतर समुद्राचा वारा पंखाखाली शिरतो आणि विमान उलटतं.

“आन् मग?”

“मग धरून ठेवायचं. साहेब हातानं खूण करत न्हाईत तवर सोडायचं न्हाई.” माझ्याकडं बघून ती म्हणाली, “ताडपत्रीवानी.”

माझ्या खळ्यावरचं काम माझी लेक समुद्रावर करत होती.

मी विचारलं, “ते एवढ्या उंचावरनं आपलं वाळवण दिसल का त्याला?”

“दिसल. पिवळा तुकडा दिसल.”

“आन् मी?”

तिनं विचार केला. “तू दिसशील. पर ती तू हायस, हे न्हाई कळणार.”

जायच्या दिवशी तिनं चपला घालता घालता सांगितलं, “आई, आठ-दहा दिवसांत आमी निघू. एकदा निघालो की फोन लागायचा न्हाई. लागला न्हाई म्हणून घाबरू नको. आन् हे कुणाला सांगायचं न्हाई. विमानाचं बी न्हाई आन् निघायचं तर आजाबात न्हाई.”

“मी कुणाला सांगून राहिले? मला कवा बोलताना पाहिलंस तू?”

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी घाबरू नये म्हणून तिनं मला ते सांगितलं होतं. माझ्यासाठी सांगितलं होतं. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

चारच दिवसांनी बचत गटाची बैठक होती, समाजमंदिरात. बारा वर्षं मी त्या गटात आहे. जाते, भिंतीला टेकून बसते, सही करते, चहा पिते आणि येते. त्या दिवशी चहा उकळत होता आणि गोष्टी निघाल्या. एक जण म्हणाली, “शीतल आली होती म्हनं. केस कापलेत. तिकडं बायांना काय काम देतात गं जहाजावर?”

दुसरी म्हणाली, “काय देणार? भाकरी थापत असल पाच-पन्नास माणसांच्या.”

तिसरी म्हणाली, “जहाजावर जाऊनबी चूल सुटली न्हाई म्हणा.”

सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही. अशीच चेष्टा होत असते. माझी धाकटी जाऊ कमलसुद्धा हसली, जी शीतलवर जीव टाकते. मी दुसरीकडं बघायला हवं होतं, तसं मी आयुष्यभर केलं आहे. पण माझ्या तोंडून आलं, “माझी लेक विमान धरती.”

आवाज मोठा आला. माझा मलाच ओळखू आला नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. चटईवर निवडायला आणलेली तूर होती. मी ती ओढली आणि तुरीच्या दाण्यांनी पटांगण काढलं. तीन तारा काढल्या. आकडा सांगितला, लांब पंख सांगितले, आत कोणी बसत नाही ते सांगितलं. कोणीतरी म्हणालं, “अगं बया!” आणि मला ते गोड लागलं. मी थांबले नाही. म्हणाले, “आता पाच-सहा दिवसांत निघायलेत, मग फोन बी लागायचा न्हाई.”

बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी टाळ्या तेवढ्याच.

कमलनं ते सगळं फोनात घेतलं होतं. कौतुकानंच. शीतलचा गणवेशातला फोटो लावून तिनं ते गटाच्या ग्रुपवर टाकलं, ‘आमच्या घरची वाघीण’ असं लिहून. तिथून ते दुसऱ्या गावाच्या गटात गेलं, तिथून हिंगोलीला. दोन दिवसांनी शीतलच्या कोणा मैत्रिणीनं ते शीतललाच पाठवलं, अभिनंदन म्हणून.

तिचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर हळद पालटत होते.

“आई, काय केलंस तू?”

मी तिथंच हळदीत बसले.

“काकूला म्हणावं काढून टाक. आत्ताच्या आत्ता. आन् मला साहेबांना सांगावं लागल. दुसऱ्याकडून कळायच्या आत मलाच सांगावं लागल.”

“बाई, मी…”

“ठेवते.”

कमल रडत आली. फोन हातात धरून, जळतं लाकूड धरावं तसा. “माझ्यातून काढला गं ताई. ग्रुपातून बी काढला. पर ज्यांच्याकडं गेला त्यांच्या फोनातून कसा काढू?” ती तीन गावांत फिरली. दारोदार जाऊन म्हणाली, तेवढं पुसून टाका. काहींनी पुसलं. काहींनी विचारलं, काहून, काय झालं? म्हणजे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं.

त्यानंतर शीतलचा फोन लागेना. मी म्हणत होते, निघाले असतील, तिनं सांगितलंच होतं. मग म्हणायचे, निघाले की अडकवलं तिला? मग तेच दिवस असे आले की टीव्हीवर सीमेचं, बॉम्बचं, जहाजांचं बोलणं सुरू झालं. बोलणारी माणसं कोट घालून ओरडत होती आणि मागं समुद्राचं चित्र होतं. शीतलचे बाबा टीव्ही बंद करायचे, मी लावायचे. टीव्हीत जहाज दिसलं की मी पटांगणावरच्या माणसांचे ठिपके बघायचे. ठिपकेच ते. दिसायचे, पण कोण आहे ते कळायचं नाही.

मला एकच विचार होता. ज्यांच्याकडं जायला नको त्यांच्याकडं माझं बोलणं गेलं असेल तर? मी तुरीच्या दाण्यांनी काढून दाखवलं होतं, जहाज कसं आणि ते कधी निघणार. यांना विचारलं तर हे म्हणाले, “अगं, त्यांना काय तुझ्या तुरीची वाट पाहायची हाय?” ते मला हसवायला म्हणाले. पण म्हणताना ते स्वतः हसले नाहीत.

शीतलनं काढलेलं राखेचं पटांगण खळ्याच्या कडेला अजून होतं. मी त्यावर डालं उपडं घालून ठेवलं होतं. झाडवत नव्हतं.

पंधरवडा झाला असेल. दुपारी वावधान सुटलं. पश्चिमेकडून काळं आलं. मागाहून शिजवलेली हळदही वाळत आली होती, मोडली की कटकन आवाज येत होता, आणखी दोन दिवसांत घासून चमकवायला ढोलात घालायची. आम्ही ताडपत्री घेऊन धावलो. हे, कमल, तिचा नवरा आणि मी. चौथा कोपरा माझा, वाऱ्याच्या बाजूचा. ताडपत्री फुगत होती, बोटं तुटत होती. फोन माझ्या कमरेला होता, त्या दिवसांत तो माझ्यापासून लांब नसायचा. तो वाजला.

मी सोडलं.

विचार केला असता आणि सोडलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. विचार आलाच नाही. हात कमरेला गेला. ताडपत्री एकदम उठली, यांच्या हातातून सुटली, कमल तिच्यासोबत ओढली जाऊन गुडघ्यावर पडली, आणि ती निळी ताडपत्री बाभळींवर जाऊन फाटली. मी फोन कानाला लावून उभी. आतून कंपनीची बाई सांगत होती की आवडतं गाणं लावण्यासाठी एक दाबा.

मग पाऊस आला. अर्धा तासच आला. डालं उडून गेलं होतं आणि राखेच्या रेघा पाण्याबरोबर वाहून गेल्या. हे भिजत्या हळदीशेजारी बसले. कमल गुडघा धरून म्हणाली, “ताई, तिचा होता का गं?” मी नाही म्हणून मान हलवली.

शीतलचा फोन आला तो वैशाख अर्धा झाल्यावर. सकाळची वेळ.

“आई, मी बरी हाय.”

मला रडू आलं, ते मी पदरात दाबलं. विचारलं, “मारलं का गं तुला कुणी?”

“न्हाई गं. मारतेत का कुठं. विचारलं, लिहून घेतलं. झालं ते.”

“मग आता?”

“आता खाली असते. सामानाच्या खोलीत.”

“वर न्हाई? विमानाकडं?”

“न्हाई.”

मी विचारलं, “तिथं वारा लागतो का?”

“खाली वारा न्हाई येत, आई.”

मी लेक गमावली नाही. लोक म्हणतात, देव पावला, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवसापासून तिचे फोन असे झाले: जेवलीस का, जेवले. बरी आहेस का, बरी आहे. बाबा काय करतात. ठेवते. वर्षभर. आधी ती समुद्राचा रंग सांगायची, कोण घोरतं ते सांगायची, सकाळी पटांगणावर अनवाणी चालावंसं वाटतं पण चालता येत नाही हे सांगायची. आता ती माझ्याशी तसं बोलते जसं मी जगाशी बोलत आले. मोजकं, जमिनीकडं बघून. हे तिनं माझ्याकडून घ्यायला नको होतं.

शिक्षा कशाची असते तेही मला नीट कळत नाही. मी बारा वर्षं गप्प बसले त्याचं कोणी काही केलं नाही. एकदा बोलले आणि ते बोलणं माझं नव्हतंच, तिचं होतं. तिनं माझ्या हातात एक कोपरा दिला होता. ती म्हणेपर्यंत धरायचा होता.

हे वर लिहिलं ते कालचं. शीतल आज आली.

वारंगा फाट्यावरून बाबांबरोबर आली. हातपाय धुतले, पण खळ्यावर आली नाही. ओसरीत बसली. कमलनं तिच्यासाठी धपाटे केले होते. ते तिनं खाल्ले, चांगले झालेत म्हणाली. कमल तिच्याकडं बघत नव्हती आणि ती कमलकडं बघून हसायचा प्रयत्न करत होती. मी गड्डे निवडत बसले. ओसरीतून खळं दिसतं, खळ्यातून ओसरी. तेवढ्यावर आम्ही दोघी बसलो.

तिसऱ्या प्रहरी झाडांची पानं वाऱ्यानं एकदम उलटी दिसायला लागली. ती माझ्या आधी उठली.

“बाबा, ताडपत्री!”

तोच आवाज. नवीन ताडपत्री जड आहे, उलगडायला वेळ लागला. यांनी एक कोपरा घेतला, कमलनं एक. वाऱ्याच्या बाजूचे दोन राहिले. एक तिनं घेतला आणि दुसरा मी घ्यावा की नाही म्हणून मी थांबले. ती ओरडली, “आई, धर ना! आन् मी म्हणेपर्यंत सोडू नको.”

फोन मी घरातच ठेवला होता. वर्षभर खळ्यावर आणतच नाही.

वारा आला तेव्हा ताडपत्री आमच्यामध्ये पोट काढून उभी राहिली. माती डोळ्यांत गेली. हे आपला कोपरा पायाखाली दाबून दगड ठेवत गेले. तिनं हाक दिली, “काकू, सोड. जा आत, गुडघा सांभाळ.” मग म्हणाली, “बाबा, सोडा.” मला काही म्हटलं नाही. हे आणि कमल ओसरीत गेले. पाण्याचे चार थेंब पडले, तेवढेच. आम्ही दोघी धरून.

हळूहळू वारा पडला. ताडपत्री हळदीवर बसली. तरी ती कोपरा धरून उभी होती, म्हणून मीही उभी होते. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं.

“आई, बोटं अशी आत घ्यायची. न्हाईतर कड कापते. पंखाला बी असंच धरतेत.”

मी बोटं आत घेतली.

मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली, अधूनमधून थांबत, कधी माझ्याकडं बघून, कधी बाभळींकडं. ते इथं लिहायचं नाही.

शेवटी ती म्हणाली, “सोड.”

तेव्हा सोडलं.